खारीवर धनुष्य: कुठली खार, कुठला बाण

प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत कोलंबसजवळ राहणाऱ्या एका मराठी तरुणाने ४५ पौंडांचं (म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं) रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, धनुष्य घेतलं आहे. वर्षभर क्लबात निशाणावर सराव झाला, आता त्याला खारीच्या शिकारीला जायचं आहे. रबरी टोकाचे बाण पुरतील का, झाडावर बसलेल्या खारीवर बाण सोडावा का, आणि करडी, फॉक्स, लाल अशा तिन्ही खारींना एकच तयारी चालते का, असं त्याने विचारलं आहे.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात. एकच तयारी चालत नाही. बंदूकवाल्याला चालते. .२२ रायफलीने ४० यार्डांवरून फांदीवरची खार पाडणाऱ्याला ती कुठल्या जातीची आहे याचं फारसं देणंघेणं नसतं. धनुष्यवाल्याला मात्र खार जमिनीवर हवी, आणि तीही १२-१५ यार्डांच्या आत. कुठली खार किती वेळ खाली उतरते, कुठे आणि दिवसाच्या कुठल्या वेळी, हे जातीजातीला वेगळं असतं. धनुष्य किती पौंडांचं, बाण लाकडी की कार्बनचा, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. मी त्याला दुय्यम मानतो.

ओहायोत नवशिक्याने फॉक्स खारीपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तांबूस पोट, नारिंगी कडांची जाड शेपूट, वजन साधारण अर्धा ते एक किलो. पश्चिम ओहायोत मका आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये रानाचे जे तुकडे शिल्लक आहेत, कुंपणालगत अक्रोड-हिकरीच्या ज्या रांगा आहेत, तिथे ती राहते. घनदाट जंगल तिला फारसं आवडत नाही. ही खार उशिरा उठते. करडी खार उजाडायच्या आधी हालायला लागते, तर फॉक्स खार आठ-नऊ वाजता, ऊन रानात उतरल्यावर बाहेर पडते. शनिवारी पहाटे चारचा गजर लावायची गरज नाही, एवढ्यासाठीही ती मला प्रिय आहे. ती बराच वेळ जमिनीवर घालवते आणि एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना फांद्यांऐवजी पाचोळ्यातून चालत जाते. धोका वाटला तरी पुष्कळदा जवळच्या झाडावर न चढता सरळ जमिनीवरून धूम ठोकते. मक्याची कापणी झाली की शेताच्या कडेला, रानात शिरणाऱ्या पायवाटेपासून दहा यार्डांवर बसावं. ती कणसं उचलून त्याच वाटेने ये-जा करते.

फॉक्स खारीचं आणखी एक ठिकाण म्हणजे ओसेज ऑरेंजची जुनी कुंपणं. हे फणसाच्या कुळातलं काटेरी झाड. काटेरी तारा येण्याआधी शेतकऱ्यांनी कुंपणासाठी ते मैलोन्‌मैल लावलं होतं. हिवाळ्यात दुसरं खाणं संपलं की फॉक्स खारी त्याची हिरवी, खडबडीत फळं फोडून आतल्या बिया खातात आणि झाडाखाली चोथ्याचा ढीग साठतो. ताजा, ओलसर ढीग दिसला की तिथेच बसावं. गंमत म्हणजे अखंड लाकडाचं धनुष्य करणारे कारागीर ज्या लाकडाला सगळ्यात जास्त मानतात, तेही ओसेज ऑरेंजच.

करडी खार म्हणजे वेगळाच मामला. वजन ४०० ते ६०० ग्रॅमच्या आसपास, पण हुशारी दुप्पट. आग्नेय ओहायोच्या डोंगराळ, सलग जंगलात, म्हणजे वेन नॅशनल फॉरेस्टच्या बाजूला, मुख्यतः तीच सापडते. तो सार्वजनिक प्रदेश असल्याने शिकारीला खुला आहे. केंट स्टेट विद्यापीठाच्या आवारात दिसणाऱ्या काळ्या खारी हीच जात, फक्त रंग वेगळा. १९६१ मध्ये कॅनडातल्या ओंटारियोहून त्या तिथे आणून सोडल्या होत्या. एकेकाळी या खारींनी ओहायोच्या शेतकऱ्यांना इतकं सतावलं होतं की १८०७ मध्ये खारी मारून त्यांच्या डोक्याची कातडी जमा करण्याची सक्ती करणारा कायदा झाला. १८६२ मध्ये सिनसिनाटीच्या रक्षणाला गव्हर्नर डेव्हिड टॉड यांच्या हाकेवर जे हजारो शेतकरी स्वतःच्या बंदुका घेऊन धावले, त्यांना नाव पडलं ‘स्क्विरल हंटर्स’. आजच्या हंगामाशी याचा संबंध नाही, पण ज्या रानात जाताय त्याचा इतिहास माहीत असलेला बरा.

करडी खार खाली उतरते ती खाण्यासाठी, त्यामुळे खाण्याचं वेळापत्रक पाठ हवं. सप्टेंबरमध्ये ती हिकरीवर असते. पहाटे झाडाखाली उभं राहिलात तर वरून टरफलांचे तुकडे टपटप पडताना ऐकू येतात. दृश्य सुंदर, पण धनुष्याला निरुपयोगी, कारण खार साठ फुटांवर पानांच्या आत. त्या दिवसांत झाडं फक्त हेरून ठेवा. ऑक्टोबरमध्ये ओकची फळं गळायला लागली की ती खाली येते. व्हाइट ओकचं फळ जमिनीवर पडल्यावर त्याच शरदात रुजतं, म्हणून खार ते बहुतेक तिथेच खाते, किंवा पुरायचं असलं तर आधी त्याचा कोंब कुरतडते. रेड ओकचं फळ वसंतापर्यंत रुजत नाही, म्हणून ते ती नेऊन पुरते. यातून शिकाऱ्याने घ्यायचं ते असं: व्हाइट ओकखाली खार एका जागी बसून खाते, रेड ओकखाली ती सतत ये-जा करते. बसलेल्या खारीवर नेम धरता येतो, म्हणून मी व्हाइट ओकपाशी बसतो. वेळ उजाडल्यापासून दीड-दोन तास, नाहीतर संध्याकाळचे शेवटचे दोन तास. जोराचा वारा असेल तर घरीच राहा. फांद्या हलत असताना तिला धोका ऐकू येत नाही, मग ती ढोलीतून बाहेरच पडत नाही.

तिची जुनी खोड अशी की माणूस दिसला की ती खोडाच्या पलीकडे जाते, आणि तुम्ही वळसा घातलात की तीही तेवढाच वळसा घालते. दोघं असाल तर एकाने मुळीच हालू नये आणि दुसऱ्याने पाचोळा वाजवत झाडाला फेरी मारावी, ती आपोआप बसलेल्याच्या बाजूला येते. एकटे असाल तर पलीकडे काठी फेकून पाहा. कधी जमतं, बऱ्याचदा नाही.

लाल खार २००-२५० ग्रॅमची, मुख्यतः पाइन-स्प्रूसमध्ये राहणारी, भांडकुदळ. आपल्या हद्दीतल्या शंकूंच्या ढिगावर बसून तास-तास किरकिरते आणि आख्ख्या रानाला तुमची खबर देते. ओहायोत ती इतर खारींबरोबरच मोजली जाते, म्हणजे मारायला कायद्याने मोकळीक आहे. तरी मी मारत नाही आणि तुम्हीही सोडून द्यावी असं सुचवतो. बाण लागायला हवा ती जागा दोन बोटांची, आणि मांस घासभर. राहिली उडती खार. ती निशाचर आहे, शिकारीच्या प्राण्यांत मोडत नाही, तिचा विषयच नको.

अमेरिकेत इतरत्र राहणाऱ्यांनी आपल्या भागातली यादी नीट पाहावी, कारण दिसायला सारख्या खारींना वेगवेगळे कायदे आहेत. पश्चिमेची करडी खार कॅलिफोर्नियात शिकारीत मोडते, वॉशिंग्टन राज्यात ती संरक्षित आहे. मेरीलँड-डेलावेअरकडची डेलमार्व्हा फॉक्स खार १९६७ पासून संकटग्रस्त यादीत होती, २०१५ मध्ये ती यादीतून निघाली. म्हणून लगेच धनुष्य घेऊन निघायचं नसतं. अ‍ॅरिझोनातली कानावर केसांचे झुपके असणारी अ‍ॅबर्ट खार धनुष्यवाल्याला फार चांगली, कारण ती पॉन्डेरोसा पाइनखाली जमीन उकरून भूछत्रं शोधत बसते.

आता बाण. ‘जीव लहान, मग रबरी टोक पुरे’ हा समज आधी काढून टाका. खारीची कातडी तिच्या आकाराच्या मानाने विलक्षण चिवट असते आणि जीवही तसाच. रबरी ब्लंट, म्हणजे बोथट टोक, लागून खार खाली पडते, उठते, ढोलीत शिरते आणि तिथे मरते. रबरी टोक सडक्या खोडांवर सराव करायला ठेवा. निशाणावरचं साधं टोकदार फील्ड पॉइंट त्याहून वाईट. ते आरपार जातं, बारीक भोक पाडतं, आणि जखमी खार तेवढ्या वेळात तीस यार्ड पळते. जुने शिकारी .३८ काडतुसाची रिकामी पितळी टोपी सीडरच्या बाणावर चिकटवून ब्लंट करतात. ४५ पौंडांच्या धनुष्यातून जवळून, डोक्यावर किंवा खांद्यावर बसला तर करडी खार जागीच आडवी होते. स्प्रिंगचे चार पाय असलेलं जूडो टोक गवतात अडकून राहतं, त्यामुळे बाण हरवत नाही. करड्या खारीला तेही चालतं, अट अंतराची: बारा यार्ड, फार तर पंधरा. फॉक्स खारीला मात्र मी साधं दोन पात्यांचं, धार लावलेलं ब्रॉडहेडच वापरतो. हरणाला वापरतात तेच. अनेकांना हे अती वाटतं. मला जखमी खार ढोलीत घालवणं अती वाटतं.

नेम कोपराच्या किंचित मागे, छातीच्या पुढच्या भागावर. ती जागा लिंबाएवढी असते. पोटात लागलेल्या बाणाला काही अर्थ नाही. अर्जुन आणि पोपटाच्या डोळ्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ असते, पण तो पक्षी लाकडाचा होता, दर दोन सेकंदांनी शेपूट झटकत नव्हता.

बाण वजनदार घ्या, ५०० ग्रेनच्या (सुमारे ३२ ग्रॅम) आसपास. याचं कारण जोर नाही, शांतता आहे. हलक्या बाणाने धनुष्य खणखणतं, जड बाणाने आवाज दबतो. हिशोब करून पाहा. तुमच्या धनुष्यातून असा बाण सेकंदाला साधारण ५० मीटर जातो, आवाज ३४० मीटर. पंधरा मीटरवरच्या खारीला आवाज ०.०४ सेकंदात पोचतो, बाण ०.३ सेकंदात. म्हणजे पाव सेकंद तिच्या हातात उरतो, आणि पाव सेकंदात खार जागा सोडते. पंचवीस मीटरवर हाच अवधी ०.४ सेकंदाच्या वर जातो. तिथे तुमचा नेम कितीही चांगला असो, बाण पोचेल तेव्हा खार तिथे नसेल. म्हणून पंधरा यार्डांची मर्यादा ही तुमच्या हाताची नाही, आवाजाची आहे. दोरीवर लोकरीचे किंवा बीव्हरच्या केसांचे गोंडे बांधा, आणि बाण सोडा तो खार फळ कुरतडत असताना. कान टवकारून थबकलेल्या खारीवर सोडू नका, ती पळायच्या तयारीतच असते. दोरी ओढायची वेळ वेगळी: तिचं डोकं खोडाआड गेलं की ओढा, बाहेर आलं की सोडा. त्यासाठी दोन-तीन सेकंद ताण धरून ठेवता यायला हवा. ४५ पौंड जड जात असतील तर ४० चं धनुष्य घ्या, यात कमीपणा नाही.

झाडावरच्या खारीचं काय? बहुतेक वेळा उत्तर ‘नको’. वर सोडलेला बाण चुकला की तो कुठे उतरेल ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि ओहायोतलं कुठलंही रान कुणाच्या तरी घरापासून फार लांब नसतं. त्यासाठी फ्लू-फ्लू बाण असतात. चार किंवा सहा मोठी, न कापलेली पिसं, किंवा दांडीभोवती मळसूत्रासारखं गुंडाळलेलं अख्खं पीस. पहिली पंधरा-वीस यार्ड तो साध्या बाणासारखा जातो, मग हवा पिसांत अडते आणि तो लवकर खाली येतो. तरीही माझा नियम असा की खारीच्या मागे खोड असेल तरच सोडायचा, मोकळं आकाश असेल तर नाही. वर मारताना हात उचलू नका, कमरेतून मागे वाका, म्हणजे खांद्यांची ठेवण मोडत नाही. आणि ब्रॉडहेड वर मारू नका. वीस फुटांवर ओकच्या लाकडात रुतलेला बाण कायमचा गेला, शिवाय खार कधी कधी त्याच्यासकट खोडाला खिळून राहते. ते दृश्य पाहायची वेळ येऊ नये.

क्लबातल्या सरावाबद्दल कडू बोलतो: २० यार्डांवरच्या रंगीत वर्तुळांचा इथे फारसा उपयोग नाही. ‘याही’ नावाच्या अमेरिकी आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस इशी, त्याचं उदाहरण बोलकं आहे. १९११ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला प्रकट झाला, आणि पुढे डॉ. सॅक्सटन पोप यांनी त्याच्याकडून धनुर्विद्या शिकली. निशाणाच्या फळीवर तो बेताचाच होता. पण त्याची पद्धत लपतछपत जवळ जाण्याची, आणि जवळच्या लहान शिकारीवर त्याचा हात चालायचा. तुम्हीही रानात फिरा, सडकी खोडं, पानांचे गुच्छ यांवर न मोजलेल्या अंतरावरून एक-एकच बाण सोडा. गुडघ्यावर बसून, खोडाला टेकून, जाड जाकीट घालून. पहिला बाण कुठे लागतो तेवढंच बघा, कारण खार दुसऱ्याची वाट पाहत नाही.

कायद्याचं लवकर उरकतो. ओहायोत हंगाम १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी, दिवसाला सगळ्या जाती मिळून सहा खारी. दरवर्षीचं नियमपत्रक तरी वाचाच. पहिल्या परवान्याआधी शिकारी प्रशिक्षण घ्यावं लागतं, खाजगी जागेत मालकाची लेखी परवानगी लागते. हरणांच्या बंदूक-हंगामात नारिंगी जाकीट घाला. व्हिसावर असलेल्यांना बंदुकीबाबत संघराज्य कायद्याचे वेगळे निर्बंध आहेत. धनुष्य त्यात बंदूक धरलं जात नाही, पण शिकारीचा परवाना त्यालाही लागतो. घरामागच्या अंगणातल्या, माणसाळलेल्या खारींवर हात टाकू नका. अनेक गावांत धनुष्य चालवायलाच बंदी असते, आणि शेजारी कायम शेजारी राहणार असतात. ब्रिटनमधल्या वाचकांसाठी: तिथे करडी खार उपद्रवी परकी जात असली तरी १९८१ च्या कायद्याने वन्यप्राण्यावर धनुष्य चालवणं गुन्हा आहे. आणि गावी गेल्यावर काही सुचू नये म्हणून: भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि आपला शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरला जा, दुर्बीण न्या. घरची माणसं ‘रामाच्या खारी मारतोस?’ असं विचारतील. अमेरिकेतल्या या खारींच्या पाठीवर बोटं नाहीत, एवढं उत्तर माझ्या आईला पुरलं नव्हतं.

हंगाम सप्टेंबरला उघडतो तरी मी पहिलं गोठलेलं दहिवर पडेपर्यंत थांबतो. उन्हाळाअखेरीस खारींच्या कातडीखाली बॉटफ्लाय माशीच्या अळ्या असतात, मोठ्या गाठी दिसतात. मांस त्याने बिघडत नाही, पण सोलताना मन उडतं. थंडी पडल्यावर त्या निघून जातात. सोलताना रबरी हातमोजे घाला, सुस्त किंवा आजारी दिसणारी खार मारूच नका, ट्युलरेमियाची, म्हणजे अशा प्राण्यांकडून माणसाला होणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची, शक्यता असते. केस आधी पाण्याने ओले करा, म्हणजे मांसाला चिकटत नाहीत. शेपटीच्या मुळाखाली आडवी चीर द्या, शेपटीवर पाय ठेवा आणि मागचे पाय धरून वर ओढा, कातडी सदऱ्यासारखी निघते. फॉक्स खारीला जोर जास्त लागतो. पुढच्या पायांच्या बगलेतल्या गाठी काढून टाका. मेंदू खाऊ नका. फॉक्स खारीची हाडं गुलाबीसर दिसली तर घाबरू नका. त्या जातीच्या हाडांत पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य साठतं, ती तशीच असतात.

कोवळी खार तव्यावर होते, जून असेल तर कुकरशिवाय पर्याय नाही. मालवणी मसाला, भाजलेलं वाटण, चार-पाच शिट्ट्या, आणि रस्सा पातळ. खारीच्या मांसाला स्वतःची गोडसर, अक्रोडासारखी चव असते, ती मसाल्याखाली गाडू नका. शेपट्या फेकू नका. विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावची मेप्स ही मासेमारीचे गळ बनवणारी कंपनी त्या विकत घेते, गळावर बांधायला. शेपटीतलं हाड न काढता मुळाशी मीठ लावा, सरळ ठेवून वाळवा किंवा फ्रीझरमध्ये टाका, आणि थंडीतच पोस्टाने पाठवा. त्याआधी आपल्या राज्यात शेपट्या विकायला परवानगी आहे ना, हे तेवढं पाहून घ्या.